बाबांच्या रायफलीचा दणका

फिलिप्सबर्ग, मोंटाना
९ ऑगस्ट १९९६

वेंडेल,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. राग उतरला की लिहीन.

तुझी पेटी काल आली. हार्लननं ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली आणि बाबांची रायफल बाहेर काढून तिच्याकडे असा बघत राहिला, की मी पिठाच्या हातानं तशीच बघायला आले. मी तुला काय लिहिलं होतं? खांद्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा दस्ता थोडा आखूड कर आणि मागे जाड रबर लाव. बस्स. नळीला हात लाव असं मी कुठं म्हटलं होतं? तू तर नळीच्या तोंडावर आटे पाडलेस आणि त्यावर हे भोकाभोकांचं लोखंड बसवून मोकळा झालास! हार्लन म्हणाला, "तुझ्या भावानं मिरपुडीची बाटली बसवलीय." मला हसू आलं नाही.

ती रायफल बाबांची होती, वेंडेल. त्यांनी तिच्यावर कधी साधा ओरखडा उमटू दिला नाही. घोड्यावरून पडले तेव्हासुद्धा ती वर धरून पडले आणि स्वतःची बरगडी मोडून घेतली. त्या नळीवर तू करवतीसारखं काहीतरी चालवलंस, तेही मला न विचारता. बंदुका दुरुस्त करतोस म्हणून जगातली प्रत्येक बंदूक तुझी होत नाही.

फोन करून चार शब्द सुनवावेत म्हटलं, तर दरवेळी तुझी बायको नेल्डाच उचलते. "तो वर्कशॉपमध्ये आहे." अरे, जेवायला तरी घरात येतोस की नाही?

आर्डिस

*

हेन्स, अलास्का
२१ ऑगस्ट १९९६

प्रिय आर्डिस,

ओरडून झालं असेल तर आता ऐक.

गोळी सुटली की तिच्या मागोमाग जळलेल्या दारूचा वायू नळीतून बाहेर पडतो. तो सरळ पुढे गेला, की तेवढ्याच जोरानं रायफल मागे येते आणि तुझ्या खांद्यात घुसते. ही भोकं त्या वायूला बाजूला वळवतात. जाता जाता तो आतल्या भिंतींवर आदळतो आणि रायफलीला पुढे ढकलतो. जवळजवळ निम्मा मार तिथंच संपतो. याला मझल ब्रेक म्हणतात. रबरानं मार मऊ होतो, कमी होत नाही. डॉक्टरनं तुझ्या खांद्यात खिळे ठोकलेत, आणि तुला बाबांची तीनशे मॅग्नम रबराच्या भरवशावर चालवायची होती? धन्य आहे तुझी!

आणि दुसरं. तू चाप ओढताना डोळे मिटतेस. नाही म्हणू नकोस, मागच्या वर्षी हार्लननंच नेल्डाला फोनवर सांगितलं होतं. दणक्याची धास्ती बसली की बंदूक उडायच्या आधीच माणूस दचकतो. त्या दचकण्यानंच तुझी गोळी त्या एल्क हरणाच्या मादीच्या पोटात गेली आणि तुम्ही दोघं काळोख होईपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे फिरलात. ती सापडली नाही. बाबा असते तर नळी कापली म्हणून रागावले असते की जनावर तडफडत मेलं म्हणून? तूच सांग.

विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

आता नीट वाच. या ब्रेकची एक खोड आहे. बाजूला वळलेला वायू सगळा आवाज बाजूला आणि मागे फेकतो. तुझ्या कानांत बोळे हवेत आणि वरून कानांवर आवाज अडवणारे कपही हवेत. शेजारी कोणी उभं राहायचं नाही, बसायचं नाही, दुर्बीण घेऊन लोळायचं तर मुळीच नाही. हार्लन तुझ्या मागे, चांगला लांब. याखाली तीन रेघा मारल्यात त्या बघ.

वेंडेल

*

फिलिप्सबर्ग
८ सप्टेंबर १९९६

प्रिय वेंडेल (अर्धा राग उतरलाय),

रविवारी खडीच्या खाणीत जाऊन बार टाकून पाहिले. खोटं बोलणार नाही. पहिल्या बाराला दात-ओठ आवळून बसले होते आणि खांद्याला काय लागलं? शेजारणीनं गप्पांत कोपर मारावं तेवढंच! मला वाटलं, बंदूक उडालीच नाही. दुसऱ्या बाराला डोळे उघडे ठेवले. गोळी कागदावर लागताना दिसली. चाळीस वर्षं शिकार करतेय, स्वतःची गोळी लागताना पहिल्यांदा पाहिली.

पण तो आवाज! खाणीच्या पलीकडे दोन पोरं आपापल्या बंदुकांचा नेम जुळवत होती. त्यांनी मुकाट्यानं सामान गुंडाळलं. जाता जाता एक म्हणाला, "आजी, तोफ आणलीत का?" आपला कुत्रा टिप तर ट्रकखाली जो घुसला तो मांसाचा तुकडा दाखवला तरी बाहेर येईना.

आणि हार्लन. त्याला कानावर कप घाल म्हणून कानीकपाळी ओरडतेय, पण नाही! "कान झाकून शिकारीला जायचं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवायची," म्हणतो. त्याचंही अगदीच चूक नाही. तुला माहीत आहे, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तो आता बंदूक धरत नाही. पण पाइनच्या रानात कुठं फांदी मोडली, कुठल्या बाजूला एल्कची मादी पिल्लाला हाक मारतेय, ते मला ऐकू यायच्या कितीतरी आधी त्याला कळतं. तो माझ्या बाहीला हात लावतो आणि नुसती हनुवटी वळवतो. मी तिकडे बघते, आणि जनावर तिथं असतं. त्याचे कान आणि माझा नेम, असा आम्हा दोघांचा मिळून एक शिकारी होतो. त्याला माझ्यामागे लांब बसवलं तर तो बाही कशी ओढणार?

त्यावर काहीतरी सुचव. आणि कृपा करून एकदा फोनवर ये. या गोष्टी बोलण्याच्या असतात.

आर्डिस

*

हेन्स
२० सप्टेंबर १९९६

प्रिय आर्डिस,

सोबत हार्लनसाठी बॅटरीवरचे कप पाठवलेत. ते बारीक आवाज मोठे करून ऐकवतात आणि दणका झाला की क्षणात मिटतात. फांदी मोडलेली ऐकू येईल, बार ऐकू येणार नाही. आता त्याला काही निमित्त उरलं नाही.

बाही ओढून झाली की मागे सरकायचं, मग तू चाप ओढायचा. यात घासाघीस नाही. ब्रेक उलटा फिरवला की निघतो, आट्यांवर बसवायचं टोपण पेटीत आहे. पण ब्रेक काढला की गोळी दुसरीकडेच लागते, नेम पुन्हा जुळवावा लागतो आणि खांदा पुन्हा मार खातो. म्हणून काढू नकोस. हार्लनला मागे ठेव.

फोनवर बोलायला मला आवडत नाही. कधीच आवडत नव्हतं.

वेंडेल

*

फिलिप्सबर्ग
१४ नोव्हेंबर १९९६

वेंडेल,

पुन्हा 'प्रिय' नाही. या वेळी राग उतरेल असं वाटतही नाही.

मागच्या आठवड्यात वरच्या कड्यावर गेलो होतो. रात्री बर्फ पडून गेला होता. हार्लननं तुझे कप घातले होते. त्यानं बाही ओढली, हनुवटी वळवली. तीन माद्या पाइनमधून उतरत होत्या. मी आडवी पडले, मोठीवर नेम धरला आणि बार टाकला. ती जागच्या जागी बसली. दुसरी गोळी झाडावी लागली नाही, खांद्याला काही झालं नाही. मी हसत मागे वळले, तर मागे कोणीच नव्हतं. हार्लन माझ्या शेजारी गुडघ्यांवर होता, डावा कान दोन्ही हातांत धरून.

कप घातले होते म्हणतो. घातले होते तरी हे झालं! मिझूला शहरातल्या कानाच्या डॉक्टरनं तपासलं. डावा कान बारीक आवाजांना कायमचा गेला. वर त्यात दिवसरात्र फ्रीजसारखी घरघर. आता हाक मारली तर भलत्याच दिशेला बघतो. काल गोठ्यामागून गाय हंबरली, तर हा रस्त्याकडे चालायला लागला. आवाज येतोय ते कळतं, कुठून येतोय ते कळत नाही. रानात असल्या कानाचं काय करायचं?

तू माझा खांदा वाचवलास आणि त्याचा कान घेतलास. मला विचारलं असतंस, तर मी कुठला वाचव म्हणाले असते, ते तुला समजायला हवं होतं.

तुझा ब्रेक पान्यानं काढून याच पेटीत परत पाठवतेय. तुझे जादूचे कपही. आणि "फोनवर बोलायला कधीच आवडत नव्हतं" म्हणे! सोळाव्या वर्षी त्या बेकरीवाल्याच्या मुलीशी तासन् तास बोलायचास, बाबांनी एकदा तारच उपटली होती. बहिणीशी बोलायचं नाही हे सरळ सांग.

आर्डिस

*

हेन्स
२ डिसेंबर १९९६

प्रिय आर्डिस,

हे पत्र वेंडेलचं नाही, माझं आहे. त्याला ठाऊक नाही. ठाऊक झालं तर घरात जी आदळआपट होईल ती मी सोसेन, तशीही सवय आहे.

तुझी पेटी त्यानं उघडली, पत्र वाचलं आणि ते कप घेऊन वर्कशॉपमध्ये गेला. सगळे पेच काढून त्यांतली तार न् तार तपासली. त्यांत काही बिघाड सापडेना, तेव्हा त्यानं निष्कर्ष काढला की मग आपणच चुकलो. कप घालूनही कान जात असेल, तर आजवर लोकांना जे सांगत आलो ते सगळं खोटं. त्या दिवसापासून त्यानं एकही ब्रेक बसवलेला नाही. दोन गिऱ्हाइकांच्या रायफली तशाच परत पाठवल्या. ज्यांना आधी बसवून दिले, त्यांच्यातल्या एकेकाला पत्र लिहितोय: कान तपासून घ्या. मी म्हटलं, "अरे, आधी नीट चौकशी तरी कर." तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "काय?"

तेच सांगायला बसलेय. आर्डिस, तो फोनवर येत नाही कारण त्याला ऐकूच येत नाही. इतकी वर्षं त्या शेडमध्ये ब्रेक बसवलेल्या बंदुका उडवून बघतोय. सुरुवातीला नुसता कापूस घालायचा. आता उजव्या कानानं जवळजवळ काहीच नाही, डाव्यानं समोर उभं राहून ओरडलं तर. फोनमधला माणूस म्हणजे त्याला माशी वाटते. तुला सांगायचं नाही अशी मला तंबी होती. "ती मला म्हातारा म्हणेल." तू त्याला भाऊ म्हणायचंच सोडलंस, त्यापेक्षा म्हातारा बरा नव्हे का?

तुला लिहिलेल्या पत्रात त्यानं रेघा मारल्या होत्या ना? त्या का मारल्या, ते आता कळलं असेल.

मी या माणसाला कंटाळलेय. तुझ्या माणसालाही थोडीशी. तीन-तीनदा विचारून घे त्याला, कप होते का म्हणून.

नेल्डा

*

फिलिप्सबर्ग
१५ डिसेंबर

वेंडेल,

मी हार्लन. मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. लग्नाच्या आधीसुद्धा आर्डिसला एकच लिहिलं होतं, तेही मुख्यतः एका घोड्याबद्दल.

नेल्डाचं पत्र आलं. आर्डिसनं ते जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. फारच मोठ्यानं, कारण मी आता असा झालोय. शेवटच्या ओळीला थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी बटाटे खात होतो. खाऊन झाल्यावर सांगितलं.

कप घातले नव्हते. म्हणजे घातले होते, पण कड्यावर पोहोचल्यावर काढून खिशात टाकले. त्यांत वारा गर्जतो. दाढी कॉलरला घासली तर वाटतं, कोणी लाकूड कापतंय. एवढ्या गोंगाटात मला मादीचं पाऊल ऐकू येईना, म्हणून काढले. मग माद्या आल्या. मला मागे जायचं होतं, गेलो नाही. उलट पुढे सरकलो. डोळे अधू आहेत, दुर्बिणीतून कुठली मोठी ते बघावं म्हटलं. नळीच्या तोंडाच्या बाजूलाच डोकं आलं असणार.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा आर्डिस शेजारी होती. दोन महिने तिनं मला कप घाल, कप घाल म्हणून सतावलेलं. मी "घातले होते" म्हणून गेलो. एकदा बोललं की मागे घेणं जड जातं. तुझ्यापर्यंत जाईल, तू कामच बंद करशील, हे डोक्यात आलं नाही.

तुझे कप चांगले आहेत. ब्रेक पण चांगला आहे. मूर्ख मी आहे.

ती गेले चार दिवस माझ्याशी बोलत नाही. बोलत असली तरी माझ्या डाव्या बाजूला बसून बोलत असेल.

हार्लन

*

हेन्स
१२ जानेवारी १९९७

प्रिय आर्डिस आणि हार्लन,

तुम्हा दोघांचं काय करावं? एक बाई कशासाठी बंदूक पाठवली तेवढंच लक्षात ठेवते आणि ती उडवताना शेजारी कोण आहे ते बघत नाही. एक माणूस कानांवर जगतो आणि ते कान तोफेच्या तोंडाशी नेऊन ठेवतो. आणि मी मूर्ख, सबंध डिसेंबर लोकांना माफीची पत्रं लिहीत बसलो! अर्ध्या लोकांनी उलट लिहिलंय: "आमचे कान ठीक आहेत, तुझं डोकं तपासून घे." एकानं तर धुरावलेला सामन मासा पाठवला, मी मरायला टेकलोय असं समजून.

हार्लन, गाढवा. तुला लागलं याचं वाईट वाटतंय, आणि वाईट वाटतंय म्हणून आणखी राग येतोय. त्या घरघरीची सवय होते. पहिलं वर्ष वाईट असतं. रात्री रेडिओ हळू लावून झोप. कोणी बोलायला लागलं की लाजू नकोस, मान वळव. मी लाजलो, म्हणून चार वर्षं सख्ख्या बहिणीचा आवाज ऐकला नाही.

आर्डिस, तो शेजारी सरकलेला तुला दिसला नाही, असं तुझं पत्र म्हणतं. बरं. मी पुन्हा विचारणार नाही.

बाबांची रायफल आता भिंतीवर लाव. तिचा दणका तुझ्या खांद्याला झेपत नाही आणि तिचा ब्रेक शेजारच्याला झेपत नाही. तिसरा रस्ता मला ठाऊक नाही. खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं, पण तुला बाबांचीच हवी होती, आणि मलाही ती चालू ठेवायची होती. एल्कसाठी एवढ्या मोठ्या गोळीची गरजच नाही. जवळ जा, नीट मार. मी तुझ्यासाठी सात मिलिमीटरच्या छोट्या गोळीची हलकी रायफल बांधतोय. नळीला ब्रेक नाही. दणका तुला सोसेल. दस्ता तुझ्या मापाचा. या वेळी विचारतोय: चालेल?

ऑक्टोबरमध्ये स्वतः घेऊन येतो. कप घालावेच लागतील, पण बाही ओढायला हार्लनला जवळ बसता येईल.

वेंडेल

*

फिलिप्सबर्ग
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय नेल्डा,

तुझा नवरा लवकर घेऊन जा. मी वैतागलेय.

तो आला त्या दिवशी ट्रकमधून उतरला आणि मी धावत गेले, गळ्यात पडले, कानात काहीतरी बोलले. काय बोलले ते सांगत नाही. तो मागे सरकून म्हणाला, "उजव्या कानात बोललीस, डाव्यात बोल." पुन्हा बोलले. एकदा बोललं की बोलून होतं गं, दुसऱ्यांदा तेच शब्द ओरडून सांगायचे म्हणजे रडायचंसुद्धा राहून जातं.

तेव्हापासून माझ्या घरात शांतता नाही. एक बोलतो, दुसरा "काय?" म्हणतो. पहिला पुन्हा बोलतो, तोवर दुसऱ्याचं दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असतं. काल जेवताना हार्लन म्हणाला, "गवत ओलं आहे." वेंडेलनं त्याला मीठ दिलं. हार्लननं ते घेतलं आणि गवताबद्दल बोलत राहिला. आणि मजा बघ, दोघांचं छान जमतंय! दोघंही एकमेकांवर खूश. वेडी व्हायची वेळ आलीय ती माझ्यावर.

शिकारीला गेलो तेव्हाही तेच. कड्याखाली तंबू ठोकला. पहिल्या सकाळी तिघं वर गेलो. हार्लन माझ्या डावीकडे, कप घालून, अगदी शहाण्यासारखा. त्यानं बाही ओढली आणि हनुवटी वळवली. मी बघितलं. काही नव्हतं. जनावर आमच्या पाठीमागून निघून गेलं, त्याचा मागचा पाय तेवढा मला दिसला. हार्लनला आवाज आला होता, बाजू चुकली होती. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं. आम्ही खाली आलो. तंबूत वेंडेलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही विचारलं नाही. त्या क्षणी मला तुझा नवरा आवडला.

दुसऱ्या दिवशी हार्लन म्हणाला, "तू एकटी जा." मी म्हटलं, "तुझ्याशिवाय मला रानात काय कळणार?" तो म्हणाला, "तुझे दोन्ही कान चांगले आहेत. कधी वापरले नाहीस, कारण मी होतो."

म्हणून मी एकटी गेले, नेल्डा. वेंडेलनं कपांत नवी बॅटरी घालून दिली होती, ते कानांवर ठेवले. हार्लन म्हणतो ते खरं, वारा गर्जतो. पण बसून राहिलं की हळूहळू वारा एका बाजूला होतो आणि इतर आवाज वर येतात. बर्फ फांदीवरून घसरला. खारीनं काहीतरी खरवडलं. मग खालच्या बाजूनं हलकी चूं अशी हाक, एल्कच्या मादीची. मी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. इतका वेळ ऐकतच बसले, की नेम धरायचं राहून जात होतं. हार्लनचं काय गेलंय ते मला वर्षभर डॉक्टरचे कागद वाचून कळलं नव्हतं. ते तिथं कळलं.

ती जवळ आली. मी डोळे उघडे ठेवले. खांद्याला सोसेल एवढाच धक्का बसला. ती चार पावलं चालून पडली.

तिच्याजवळ थोडी थांबले आणि मग खाली निघाले. वाटलं, बार ऐकून हे दोघं दोर आणि सुऱ्या घेऊन निघाले असतील, वाटेत भेटतील. कोणी भेटलं नाही. तंबूशी पोहोचले, तर दोघं घोंघावणाऱ्या शेगडीपाशी पाठमोरे बसलेले. गाळ खाली बसावा म्हणून कॉफीत अंड्याचं कवच घालावं की नाही यावर वाद रंगात आला होता. मी दाराशी उभी, हातांना रक्त.

"ऐकलं नाहीत?" मी म्हटलं.

कोणी वळलं नाही.

"मी बार टाकला! ऐकलं नाहीत का?"

हार्लन वेंडेलला सांगत होता की त्याची आई कवच घालायची. वेंडेल म्हणत होता, हो, हवा आज कोरडी आहे.

मला एकदम इतकं एकटं वाटलं, नेल्डा, आणि इतका संताप आला, की मी उभ्या जागी डोळे मिटून, छाती फाडून त्या दोघांची नावं घेऊन ओरडले. बाहेर टिप भुंकायला लागला. पाइनमधून कावळे उडाले. दरीत होती नव्हती ती सगळी एल्कं शेजारच्या जिल्ह्यात गेली असतील.

दोघंही एकदम वळले. माझे हात पाहिले, तोंड पाहिलं. हार्लन उठला, दोर खांद्यावर टाकला, माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे येईल, आणि म्हणाला,

"अगं, ओरडतेस कशाला? आम्ही इथंच आहोत."

आर्डिस